चांदबागेचं पहिलं होल

मधुवंती सबनीसला गोल्फ खेळता येत नव्हतं, बघायला आवडत नव्हतं आणि त्या खेळाबद्दल तिला कसलंही मत नव्हतं. जयपूरच्या चांदबाग गोल्फ क्लबच्या वारसा समितीवर तिची नेमणूक झाली ती याच पात्रतेवर. बाकी सगळ्यांना मत होतं.

क्लबला शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त पहिल्या नऊ होलांचं मैदान मुळात जसं आखलेलं होतं तसंच पुन्हा आखायचं, असा ठराव झाला. ठराव एकमतानं झाला आणि एकमत तिथंच संपलं, कारण ते मुळात कसं आखलं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं. जुना नकाशा कुणाकडेच नव्हता. असता तरी भांडण झालंच असतं, पण निदान नकाशा टेबलावर पसरून, खुर्च्यांवर बसून झालं असतं. आता ते उभ्यानं, मैदानाकडे हातवारे करत होत असे.

पक्ष दोन होते. पहिल्या पक्षाचे प्रमुख कर्नल भीमराव घाटगे, निवृत्त. मूळचे कोल्हापूरचे, शेवटची बदली जयपूरला झाली आणि इथंच सोडाला भागात घर बांधून राहिले. त्यांच्या मते पहिलं होल नीमच्या झाडांकडे होतं आणि खेळ घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत जायचा. दुसऱ्या पक्षाचे प्रमुख राठौडसाहेब. त्यांच्या आजोबांनी, म्हणजे दादोसांनी, हे मैदान उघडलं त्या दिवशी इथं चेंडू मारला होता. त्यामुळे हे मैदान आपल्या घरचंच आहे आणि बाकीचे लोक पाहुणे आहेत, असं ते अत्यंत नम्रपणे वागून दाखवत. त्यांच्या मते पहिलं होल पाण्याच्या जुन्या टाक्याकडे होतं आणि खेळ उलट्या दिशेनं जायचा.

"सकाळी नीमकडं तोंड करून उभं राहिलं की सूर्य डोळ्यांत येतो, हुकुम," राठौडसाहेब म्हणत. "दादोसा सूरज को पीठ देकर खेलते थे."

"दादोसा सकाळी उठत होते का, ते आधी सिद्ध करा की!" कर्नल म्हणत.

या वादात मधुवंती पडली ती रविवारच्या चहात. तिचा नवरा गौरांग सीतापुऱ्यातल्या एका आयटी कंपनीत होता. साहेबलोक सगळे महत्त्वाचे निर्णय गोल्फ खेळताना घेतात असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, म्हणून तो दर रविवारी चांदबागेत येऊन हवा कापत असे. मधुवंती व्हरांड्यात बसून उत्तरपत्रिका तपासायची. त्या रविवारी दोन्ही पक्ष इतके तापले की तिच्या टेबलावरच्या कपातला चहा हलायला लागला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "जमीन तपासली तर कळेल. म्हणजे नमुने पुरेसे मिळाले आणि मधल्या काळात मातीची फारशी उलथापालथ झाली नसेल, तर काही प्रमाणात—"

पण लोक 'कळेल'पाशीच थांबले होते.

हे तिच्या बाबतीत नेहमीच व्हायचं. मधुवंती राहुरीची, मृदाशास्त्रातली डॉक्टर. तिची वाक्यं अचूक असत आणि अचूक वाक्याची अडचण अशी की त्यातला महत्त्वाचा भाग शेवटी येतो. शेवटापर्यंत कुणी थांबत नसे. सीतापुऱ्याच्या इंजिनीयरिंग कॉलेजात ती पर्यावरण शिकवायची. तिथली मुलं हजेरी होईपर्यंत ऐकत. घरी गौरांग पहिले चार शब्द ऐकून उरलेल्याचा अंदाज बांधायचा, आणि एखाद्या डॉक्टरबाईच्या वाक्याचा अंदाज आयटीवाल्यानं बांधावा यासारखा अपमान नाही. आपलं एक वाक्य कुणीतरी पूर्णविरामापर्यंत ऐकावं, एवढीच तिची आयुष्यातली महत्त्वाकांक्षा उरली होती.

"जमीन तपासायची म्हणजे कशी, मैडम?" क्लबचे सचिव माथुरजी यांनी विचारलं.

तिनं सांगितलं. शंभर वर्षांपूर्वी या कोरड्या मुलखात हिरवळ वाढवण्याइतकं पाणी नव्हतं. म्हणून होलाभोवतीच्या 'ग्रीन'वर गवताऐवजी वाळू अंथरायचे आणि ती उडू नये म्हणून तिच्यात जुनं तेल कालवून ती चोपून बसवायचे. म्हणजे जिथं जमिनीखाली तेलकट वाळूचा थर सापडेल तिथं जुनं होल असण्याचा संभव आहे. यातला 'संभव' नेहमीप्रमाणे कुणी ऐकला नाही. पण 'तेलकट वाळू' ऐकल्याबरोबर दोन्ही पक्ष गप्प झाले, आणि दहा-बारा माणसं आपल्याकडे एकटक बघतायत हा अनुभव मधुवंतीला इतका नवा होता की तिनं समितीवर यायला होकार दिला. विज्ञानासाठी दिला, असं तिनं घरी सांगितलं.

मातीचा नमुना घ्यायला लागतो एक गिरमिट. पुरुषभर उंचीचा दांडा, वर आडवी मूठ, खाली पोलादी मळसूत्र. कॉलेजात होतं. ते तिनं स्कूटीवर आडवं बांधून शास्त्रीनगरला घरी आणलं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं की सबनीसांकडे बोअर मारतायत.

सल्ले द्यायला लोक रांगेनं आले. समोरचे गुप्ताजी म्हणाले, इथं पाणी लागायचं नाही, सोडाल्यात साडूनं तीनशे फूट खाली जाऊन नुसती धूळ काढलीय. बाजूच्या भाभीजींनी हातावर नारळ उभा ठेवून पाणी शोधणाऱ्या माणसाचा नंबर दिला. घरमालक धावत आले. भाडेकराराप्रमाणे जमिनीखालचं सगळं त्यांचं आहे हे त्यांनी बजावलं, आणि मग पाणी लागलंच तर त्यातलं अर्धं भाडेकरूला द्यायची तयारी दाखवली. मधुवंती प्रत्येकाला सांगत होती की हे बोअरचं यंत्र नसून मातीचे उथळ नमुने घेण्याचं— तोपर्यंत तो माणूस दुसऱ्याला सल्ला द्यायला गेलेला असे.

वरच्या मजल्यावरच्या इंदुमतीकाकू तेवढ्या वेगळं बोलल्या. काकू वर्ध्याच्या. जयपुरात तीस वर्षं काढून वऱ्हाडीला त्यांनी धक्का लागू दिला नव्हता. महाराष्ट्र मंडळाच्या स्वयंपाकाची सगळी सूत्रं त्यांच्याच हातात असत. "कर वं मधू, बिनधास्त कर," त्या म्हणाल्या. "पण टोपी घाल. काळी पडशील तं नवरा म्हणंल गोल्फ मी खेळतो अन् रंग हिचा गेला."

मग परवानगी. दोन बोटं रुंदीचं भोक पाडायला चांदबागेत तीन समित्यांची मंजुरी लागते. मैदान समिती म्हणाली की भोक पडलं की ती इमारतीची बाब होते. इमारत समिती म्हणाली की ज्याला छप्पर नाही ती इमारत नव्हे. शिस्त समितीनं फक्त पोशाखाची चौकशी केली. मैदानावर कॉलरचा शर्ट सक्तीचा आहे. मधुवंतीनं माती खणायला गौरांगचा पांढरा कॉलरचा टी-शर्ट घातला. तो नंतर पुन्हा पांढरा झाला नाही, आणि गौरांगनं त्याचा उल्लेख करणं कधी सोडलं नाही.

पहिल्या दिवशी फाटकावरच्या रखवालदारानं गिरमिट हत्यार म्हणून जप्त केलं. दुसऱ्या दिवशी माथुरजींनी ते सोडवलं. तिसऱ्या दिवशी कर्नल आणि राठौडसाहेब दोघंही आपापला पक्ष घेऊन देखरेखीला हजर झाले, एकमेकांच्या देखरेखीला.

"वहिनी, नीमकडं दाबून फिरवा की जरा! तिकडं मन लावून फिरवता, इकडं नुसतं खाजवल्यासारखं करताय," कर्नल ओरडले.

"बाईसा, आप कर्नलसाहब पर ध्यान मत दीजिए," राठौडसाहेब म्हणाले. "फौज ने आज तक जमीन में सिर्फ खाइयाँ खोदी हैं."

नीमकडे माती निघाली, मुळं निघाली, एक काळवंडलेला गोल्फचेंडू निघाला. तो चेंडू कर्नलांनी पुरावा म्हणून खिशात घातला. त्यावर मागच्या वर्षीच्या स्पर्धेचा शिक्का होता. टाक्याच्या कोपऱ्यात मात्र वीतभर खाली गिरमिटाला माती जरा मऊ लागली. मधुवंतीनं ते वर ओढलं. मळसूत्रावर काळसर, तेलकट वाळू चिकटली होती. तिच्यात बारीक तपकिरी मणी होते, काचेसारखे कडक.

वर्गात तिनं शंभरदा सांगितलं असेल की एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये. पण वर्गात तिच्या मागं वीस माणसं श्वास रोखून उभी नसत. मणी भिंगाखाली बघून तिनं ठरवलं की ही राळ असावी, वाळू घट्ट धरण्यासाठी मिसळलेली. वीतभर माती साचायला किती वर्षं लागतील याचं गणित केलं, आणि उत्तर जवळजवळ शंभर आलं. उत्तर इतकं सुबक आलं तेव्हाच संशय यायला हवा होता. तिला झाला तो आनंद.

समितीच्या सभेत ती उभी राहिली. कागदावर लिहिलं होतं: 'मर्यादित नमुन्यांच्या आधारे, पहिलं होल बहुधा जुन्या टाक्याजवळ असावं.' सभागृह भरलं होतं. सगळे ऐकत होते. सगळे, अगदी गौरांगसुद्धा. आणि मधुवंतीला वाटलं, एवढे लोक ऐकतायत तर त्यांना 'मर्यादित' आणि 'बहुधा' ऐकवून कशाला निराश करायचं? ती म्हणाली, "पहिलं होल टाक्याजवळ होतं."

जन्मात पहिल्यांदा ती इतकं लहान वाक्य बोलली असेल. टाळ्या पडल्या. राठौडसाहेबांनी पगडी नसताना पगडी सरळ केल्यासारखा हात फिरवला. माथुरजींनी त्याच संध्याकाळी मकराण्याच्या संगमरवराची शिळा सांगितली. वर कोरायचं, 'यहीं था चाँदबाग का प्रथम ग्रीन', आणि खाली, 'शोध: डॉ. मधुवंती सबनीस'. पुढचे काही दिवस तिला भाजीवाल्याशी बोलतानाही आपण संगमरवरात आहोत ही जाणीव सुटत नव्हती.

एक गोष्ट मात्र बिघडली. कर्नल आजाराचं कारण सांगून क्लबात यायचे बंद झाले. आणि मजा अशी की जिंकलेले राठौडसाहेबही सुकले. व्हरांड्यात एकटे बसत, चहा थंड करत, आणि वेटर जरी टाक्याकडून आला तरी त्याला म्हणत, "सही रास्ते से आए हो." तो बिचारा 'जी हुकुम' म्हणून निघून जाई. वाद घालत नसे.

शताब्दीच्या आधीच्या दुपारी मधुवंती घरी प्रदर्शनाचा फलक तयार करत होती. राळेचा एक मणी चिरून त्याचा फोटो लावावा म्हणून तिनं ब्लेड चालवलं, आणि मण्याबरोबर बोटही चिरलं. बेटाडीनची बाटली उघडली, आणि तिचा एक थेंब बोटाऐवजी ताटलीतल्या अर्ध्या मण्यावर पडला.

मणी निळा झाला. गडद, शाईसारखा निळा.

बेटाडीनमधल्या आयोडीननं काय निळं होतं हे सहावीच्या मुलालाही माहीत असतं. स्टार्च. राळेत स्टार्च नसतो. तेवढ्यात वाटी परत द्यायला इंदुमतीकाकू आल्या.

"काहून वं मधू, साबुदाणा कापून राहिली? उपास आहे का?"

"काय म्हणालात?"

"साबुदाणा. जळका दिसते, पण साबुदाणाच." काकूंनी मणी दोन बोटांत धरून बघितला. "मले नको सांगू. मी आजवर पोत्यांनी भिजवला असंन."

मधुवंती खुर्चीत बसली. रोज हाताळलेला साबुदाणा आपल्याला भिंगातून ओळखू आला नाही, आणि काकूंना चष्म्याशिवाय आला. भिंगाखाली नेली की घरातली वस्तू परकी होते, असं एक समाधान तिनं स्वतःला देऊन पाहिलं. ते टिकलं नाही.

"काकू, चांदबागेत टाक्याच्या कोपऱ्यात साबुदाणा कसा जाईल?"

"जाईन कसा म्हंजे? मीच टाकला ना बाप्पा! मागच्या वर्षी त्या मैदानात मंडळाचं स्नेहसंमेलन नेमकं एकादशीले नव्हतं का आलं? वडे साबुदाण्याचे केले. पहिलाच घाणा कढईत फुटला, फटाक्यावानी. सारं तेल मण्यामण्यांचं झालं. आता दुसऱ्याच्या मैदानात घाण ठेवून येनं आपल्याले जमते का? म्हून टाक्यापाशी खड्डा केला, तेल ओतलं, वरतून वाळू-माती लोटली, अन् पायानं दाबून घेतलं. कोनाले पत्ताबी नाही लागला."

"नाही लागला," मधुवंती म्हणाली.

शंभर वर्षांत साचेल असं तिनं गणितानं काढलेलं वीतभर काम इंदुमतीकाकूंच्या टाचेनं दोन मिनिटांत केलं होतं.

गौरांगनं घरी येऊन सगळं ऐकलं. पहिले चार शब्द नव्हे, सगळं. मग दार लावून घेतलं. "कुणाला बोलू नकोस."

"विज्ञानात चूक झाली तर ती दुरुस्त करतात, गौरांग."

"विज्ञानात कर ना. क्लबात कशाला? उद्या माझा बॉस येतोय. शिळा आलीय. अगं, साबुदाणा म्हणून सांगणार तू? निदान काहीतरी इंग्रजी नाव असलेली चूक करायची!"

यात तथ्य होतं. मधुवंतीनं खूप विचार केला. गप्प राहिलं तर तिचं एकमेव ऐकलं गेलेलं वाक्य संगमरवरात कायम राहणार होतं. बोललं तर उरलेल्या आयुष्यात ती साबुदाण्याची डॉक्टर म्हणून ओळखली जाणार होती. आणि समोर ती ताटली, निळ्या मण्याची. ती फेकून देणं तिच्या हातून होईना. मग तिनं वर जाऊन काकूंना एकच विनंती केली: मंडळातल्या ओळखीनं उद्या कर्नलसाहेबांना काहीही करून घेऊन या.

शताब्दीचा मंडप टाक्याजवळच होता. शिळेवर लाल कापड. पुढच्या रांगेत प्रमुख पाहुणे, गौरांगचा बॉस, राठौडसाहेब. शेवटच्या रांगेत कर्नल, आणि ते उठून जाऊ नयेत म्हणून त्यांच्या शेजारी काकू. माथुरजींनी 'विदुषी' आणि 'मृदा की मर्मज्ञ' असे दोन-तीन शब्द वापरून मधुवंतीला बोलावलं.

तिनं माईक हातात घेतला. "मागच्या सभेत मी तुम्हाला जे सांगितलं," ती हिंदीत म्हणाली, आणि सवयीनं थांबली, कारण इथं कुणीतरी मधे बोलतं. कुणी बोललं नाही. "ते चुकीचं होतं, इथं सापडलेला तेलाचा थर शंभर वर्षांपूर्वीचा नसून मागच्या वर्षीच्या महाराष्ट्र मंडळाच्या वड्यांचा आहे, आणि ज्याला मी राळ म्हटलं तो साबुदाणा आहे, तेव्हा पहिलं होल इथं असेलही, पण तसा पुरावा आज माझ्याकडे नाही."

पूर्णविराम आला. मंडपात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. इतकं लांब वाक्य, तीन पोटवाक्यांसह, एकही माणूस जागचा हलला नव्हता. तिच्या आयुष्यातलं सभेत शेवटपर्यंत ऐकलं गेलेलं पहिलं लांब वाक्य, आणि ते तिला काहीच माहीत नाही हे सांगणारं.

गौरांगनं पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचायला घेतलं. बॉस त्याच्या कानाशी वाकला आणि काहीतरी बोलला. (त्यानं साबुदाणा म्हणजे काय ते विचारलं होतं; पण हे कळेपर्यंत गौरांगनं मनातल्या मनात राजीनामा लिहून टाकला होता.)

शांतता मोडली ती शेवटच्या रांगेतून. "म्हणजे टाक्याकडं नव्हतं!" कर्नल उभे राहिले.

"असेलही," मधुवंती म्हणाली. "पुरावा नाही, इतकंच."

"मग नीमकडं होतं!"

"त्याचाही नाही."

"त्याचा नाही, पण याचाही नाही, म्हणजे बरोबरी की ओ!" कर्नल रांगा ओलांडत पुढं आले. त्यांच्या चालण्यात आठवडाभराचा आजार नव्हता. "काय राठौडसाहेब? दादोसा साबुदाण्यावर चेंडू मारत होते म्हणायचं!"

राठौडसाहेब सावकाश उठले. मधुवंतीनं डोळे मिटून घेतले. या माणसाचं घराणं, सूर्य, आजोबा सगळं तिनं आधी जिंकून दिलं होतं आणि आता चारचौघांत परत घेतलं होतं.

"कर्नलसाहब," राठौडसाहेब म्हणाले, "व्रत का दिन रहा होगा." आणि स्वतःच्या शेजारची खुर्ची त्यांनी पुढं ओढली. "बैठिए. सूरज वाली बात पर आपने आज तक जवाब नहीं दिया है."

कर्नल बसले. प्रमुख पाहुण्यांचं भाषण झालं, पण ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. पहिल्या रांगेत सूर्य, सावली, डावे, उजवे आणि दादोसांची झोप यावर जोरात चर्चा चालली होती. मधुवंतीला त्या पाहुण्यांबद्दल मनापासून सहानुभूती वाटली.

राहता राहिली शिळा. ती कोरून झाली होती आणि माथुरजी तिच्याकडे बघून हवालदिल झाले होते. "मैडम, पत्थर वापस नहीं होता."

"परत नका करू. एकच शब्द घाला, माथुरजी. 'यहीं'च्या आधी 'संभवतः'."

कारागीर आला. त्यानं पट्टी लावून बघितली. वरची ओळ या काठापासून त्या काठापर्यंत भरलेली, दोन्ही बाजूंना वेलबुट्टी. तिथं अनुस्वार घालायला जागा नव्हती. माथुरजी म्हणाले, मैडमनी सांगितलेला शब्द यायलाच हवा, जिथं बसेल तिथं बसवा. मधुवंती सांगायला लागली की शब्द नुसता असून उपयोग नाही, तो योग्य विधानाच्या आधी यायला— पण छिन्नीचा आवाज सुरू झाला होता.

आता चांदबागेत टाक्याजवळ ती शिळा आहे. वरच्या ओळीत ठासून लिहिलंय, 'यहीं था चाँदबाग का प्रथम ग्रीन'. खाली, जिथं जागा होती तिथं: 'शोध: संभवतः डॉ. मधुवंती सबनीस'.

गौरांग हसून हसून खाली बसला. मधुवंती मात्र शिळेजवळ गेली. खालची ओळ तिनं दोनदा वाचली. ती चूक आहे असं म्हणायला तिच्याकडे पुरेसा पुरावा नव्हता.